कार्यशाळांची यादी बाजूला ठेव

प्रिय विनायक,

अध्यापन साहाय्य केंद्र तुझ्याकडे आल्याची बातमी वाचली आणि आधी हसूच आलं. तास संपल्याची घंटा ज्याला कधी ऐकू आली नाही, तो आता इतरांना शिकवण्यात मदत करणार! पण निवड चांगली झाली आहे, हे मनापासून सांगतो. पहिल्या वर्षी कोणत्या कार्यशाळा घ्याव्यात, असं तू विचारलंयस. खरं सांगू? ती यादी सध्या बाजूला ठेव.

कार्यशाळा वाईट असतात असं नाही. पण तिथे कोण येतं ते बघ. जे मुळातच मन लावून शिकवतात ते पहिल्या रांगेत बसतात, ज्यांना सक्तीने पाठवलंय ते मागे बसून उत्तरपत्रिका तपासतात, आणि ज्याच्या वर्गात खरोखर अडचण आहे तो त्या दिवशी हमखास रजेवर. शिवाय 'नुसती व्याख्यानं देऊ नका' या विषयावर दोन तासांचं व्याख्यान मी स्वतः ऐकलेलं आहे. जेवणाची सुट्टी झाली तेव्हाच काय ती चर्चा झाली.

त्याआधी एक काम कर. केंद्रात जे बोललं जाईल, जे दिसेल, ते कोणाच्याही बढतीच्या फाइलीत जाणार नाही, हे कुलगुरूंकडून लेखी घे. कोण केंद्रात आलं होतं हेसुद्धा बाहेर सांगायचं नाही. पहिल्या सहा महिन्यांतच एखादे विभागप्रमुख फोन करतील, "अमुक एकाच्या फार तक्रारी आहेत, जरा तास बघून या आणि मला कळवा." तिथे ठाम नाही म्हण. हेतू चांगला असला तरी नाहीच. एकदा का केंद्र म्हणजे वरिष्ठांचे कान अशी कुजबुज सुरू झाली, की तुझ्या खोलीत फक्त चहाला माणसं येतील. एखाद्या प्राध्यापकाला स्वतःलाच आपल्या प्रयत्नांबद्दल पत्र हवं असेल तर जरूर दे, पण त्याच्या हातात दे. ते कुठे जोडायचं हे त्याचं तो ठरवेल.

आता मदत करायची कशी? मला विचारशील तर सत्राच्या मध्यावर, प्राध्यापकाच्याच वर्गात. वॉशिंग्टन विद्यापीठात जोसेफ क्लार्क यांनी जी पद्धत बसवली, तीच मी थोड्या फरकाने वापरतो. प्राध्यापकाने तासाची शेवटची पंचवीस मिनिटं तुला द्यायची आणि वर्गाबाहेर जायचं. मुलांचे चार-पाच जणांचे गट करायचे. प्रश्न तीनच: या विषयात शिकायला कशाची मदत होते, कशाचा अडथळा होतो, आणि त्यावर काय करता येईल? गटाचं ज्यावर एकमत होईल तेवढंच लिहायचं. मग ते सगळ्यांसमोर फळ्यावर घ्यायचं आणि हात वर करून कोणाला पटतंय ते बघायचं. या पायरीवर कंटाळा करू नकोस, खरी गंमत इथेच आहे. एका रसायनशास्त्राच्या वर्गात काही गटांनी लिहिलं 'फार वेगाने शिकवतात' आणि काहींनी 'फार हळू'. नुसत्या कागदांवरून बाईंना काय कळलं असतं? मी विचारलं, "नक्की कुठे वेगाने?" तेव्हा उलगडा झाला. प्रस्तावना लांबत होती आणि समीकरण मांडताना मधल्या दोन पायऱ्या बाई तोंडी उरकत होत्या. वर मुलांचं उतरवून व्हायच्या आत फळा पुसला जायचा. म्हणजे दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या, फक्त तासाच्या वेगवेगळ्या भागांबद्दल होत्या.

ते कागद नुसते त्यांच्या हातात देऊन मात्र येऊ नकोस. पीटर कोहेन यांनी 1980 मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. सत्राच्या मध्यावर मुलांचा अभिप्राय नुसता दिला तर फरक थोडा पडतो, त्यावर कोणी जाणकार बसून बोललं तर बराच जास्त पडतो, असं त्यात दिसलं. त्या बाईंशी मी तासभर बोललो. पुढच्या तासाला त्यांनी वर्गात सांगितलं, "या दोन गोष्टी बदलते. तिसरी बदलता येणार नाही, आणि का ते सांगते." त्या तिसऱ्या गोष्टीचं कारण मुलांनी फार लक्ष देऊन ऐकलं म्हणे.

कोणी तास बघायला बोलावलं तर आधी भेट आणि 'मी नेमकं काय बघू?' हे त्यालाच विचार. माझ्या वहीत डावीकडे वेळ असते, उजवीकडे घडलं ते. विशेषणं नाहीत. '10.12, प्रश्न विचारला. 10.12, उत्तर स्वतःच दिलं.' अशा सात-आठ नोंदी एकाखाली एक दाखवल्या की पुढे मला काही बोलावंच लागत नाही. मेरी बड रो यांनी शाळांच्या वर्गांत हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. विद्यापीठात आपण वेगळं काही करतो असं मला तरी दिसलेलं नाही. मनात तीन आकडे मोजून बघ, फार अवघड जातं.

"हे सगळं केलं तर पोर्शन कधी संपवायचा?" हा प्रश्न येणारच, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पोर्शन संपवण्याची जबाबदारी त्यांच्या डोक्यावर असते, आपल्या नाही. पण आकडे जवळ असू देत. फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरच्या 225 अभ्यासांचा ताळा मांडला. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी 33.8 टक्के होतं, मुलांना वर्गातच काही करायला लावणाऱ्या वर्गांत 21.8 टक्के. दुसरा आकडेवारीचा कागद दाखवशील तो हार्वर्डमधला, 2019 चा, भौतिकशास्त्राच्या वर्गांचा. तिथे स्वतः गणितं सोडवत शिकलेली मुलं चाचणीत पुढे होती, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं! छान, ओघवतं व्याख्यान ऐकलं की सगळं समजल्यासारखं वाटतं, त्याचा हा परिणाम. म्हणून प्राध्यापकाला आधीच सांगून ठेव, की पहिले काही आठवडे मुलं कुरकुरतील, आणि आपण असं का शिकवतोय हे त्याने मुलांशी सुरुवातीलाच बोलावं. नाहीतर तो तिसऱ्या तासाला पुन्हा जुन्या वळणावर जातो.

त्याच कारणाने वर्षाअखेरच्या अभिप्राय-अर्जांतल्या गुणांवर माझा फार विश्वास नाही. 2017 मध्ये उट्ल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मुलांनी शिक्षकाला दिलेले गुण आणि मुलं प्रत्यक्ष किती शिकली यांचा जवळजवळ संबंध नसतो. त्याआधी 2015 मध्ये एका ऑनलाइन वर्गातला प्रयोग आला होता. शिक्षक तोच, पण पुरुषाच्या नावाने शिकवलं की गुण जास्त, बाईच्या नावाने कमी. हे तुझ्या कुलगुरूंच्या कानावर घाल, सावकाश. ते अर्ज बंद होणार नाहीत, पण दशांश चिन्हापुढच्या आकड्यांवरून माणसांची क्रमवारी लावणं तरी थांबेल.

चॅटजीपीटीवरच्या कार्यशाळेची मागणी सगळ्यात आधी येईल. मी काय करतो सांगू? त्या प्राध्यापकाचा स्वतःचा गृहपाठ घेतो, दोघं मिळून तो त्यात घालतो आणि काय बाहेर पडतं ते बघतो. पुढचं बोलणं आपोआप गृहपाठावर येतं, म्हणजे आपल्याला हवं तिथेच.

नव्याने रुजू झालेल्यांसाठी मात्र थोडा वेळ राखून ठेव. पीएच.डी. करताना त्यांना संशोधन शिकवलेलं असतं, वर्ग सांभाळायला कोणी शिकवलेलं नसतं, आणि पहिल्याच सत्रात तीन-तीन विषय अंगावर पडतात. वेगवेगळ्या विभागांतले पाच-सहा जण निवड. एकाच विभागातले नकोत, तिथे ज्येष्ठांची भीती असते. दर पंधरवड्याला एकाने आपली एक अडचण आणायची, एखादी फसलेली प्रश्नपत्रिका चालेल. आणि अशांना पहिल्या सत्रात एक विषय कमी मिळावा म्हणून भांड. हे मिळवणं सगळ्यात कठीण, कारण त्याला पैसे लागतात. प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं छापायला तेवढे लागत नाहीत, म्हणून ती मात्र लगेच मंजूर होतात.

तीन प्रश्नांचा माझा कागद सोबत पाठवतोय. पहिला वर्ग ओळखीच्या माणसाचा घे, पण आपल्या दोघांच्या जुन्या विभागातला नको. तिसऱ्या प्रश्नाला मुलं सुरुवातीला 'नोट्स द्या' एवढंच लिहितील. तिथे थांबू नकोस, कशाच्या नोट्स ते विचार. त्यावर काय उत्तर मिळालं ते मात्र मला सविस्तर लिही.

तुझा,
अनंत