परिच्छेद कुठे तोडावा

सांगली, १२ ऑक्टोबर २०२५

चि. मनवा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध काल रात्री दोनदा वाचला. इतकी वर्षे लोकांच्या लग्नपत्रिका आणि वार्षिक अहवाल छापल्यामुळे माझी नजर मजकुराआधी मांडणीवर जाते, ही माझी खोड तुला ठाऊक आहेच. वाक्ये तुझी आहेत आणि ती तुझीच राहावीत, म्हणून आज केवळ परिच्छेदांविषयी लिहितो.

तांत्रिक भाग आधी उरकतो. तू प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ टॅब देऊन आत घेतली आहेस. छापील पुस्तकात ते शोभते. पण वर्डमधला टॅब कॉमन ॲपच्या, म्हणजे अमेरिकेतल्या अनेक महाविद्यालयांसाठी असलेल्या सामाईक ऑनलाइन अर्जाच्या, चौकटीत टिकेलच असे नाही, आणि तो गेला की सगळा मजकूर एकसंध भिंतीसारखा दिसू लागतो. त्यापेक्षा प्रत्येक ओळ डाव्या कडेपासून सुरू कर आणि दोन परिच्छेदांमध्ये एक ओळ कोरी सोड. मर्यादा ६५० शब्दांची आहे, ओळींची नाही. त्यामुळे कोऱ्या ओळीने तुझे काहीच खर्च होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात आठांपैकी चार प्रश्न निवडून प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तर द्यायचे असते. तिथे दोन-तीन परिच्छेद पुरेत.

खरी अडचण निराळी आहे. बोर्डाच्या परीक्षेत लिहावे तशी तू प्रस्तावना, तीन मुद्दे आणि उपसंहार अशी पाच सारखी खोकी केली आहेस, आणि त्यामुळे तुझ्या निबंधातले सर्वांत मोलाचे वाक्य दुसऱ्या खोक्याच्या तळाशी गेले आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात छापखान्यात पाणी शिरले, आपण भिजलेल्या वह्या गच्चीवर दोरीला टांगल्या, हे सारे तू सविस्तर सांगतेस, ते छानच आहे. त्याच ओघात तू लिहितेस की शाईने लिहिलेली उधारी निळ्या डागांत विरघळून गेली होती, पण आजोबांनी पेन्सिलीने केलेल्या नोंदी जशाच्या तशा होत्या. परिच्छेद तिथे तोड! पुराची गोष्ट वह्या टांगण्यापाशी संपते आणि पेन्सिलीच्या नोंदीपाशी तुझी गोष्ट सुरू होते. नव्या परिच्छेदाची पहिली ओळ म्हणून ती आली, तर दिवसभर असे अर्ज वाचून थकलेल्या माणसाच्याही नजरेतून ती सुटणार नाही.

याउलट, नववीत गाळणकागदावर शाईचे रंग वेगळे करून पाहिल्याचा प्रसंग तू पुढच्या परिच्छेदात एकटा ठेवला आहेस. शाई का पसरली आणि ग्रॅफाइट का टिकले, या प्रश्नाचाच तो पुढचा धागा असल्यामुळे दोन्ही एकत्र आण. तो परिच्छेद इतरांपेक्षा दुप्पट लांब झाला तरी चालेल.

एकेका वाक्याचे परिच्छेद तू चार ठिकाणी केले आहेस. एखादा असता तर वाचणारा थबकला असता. चार झाल्यावर कोणीतरी पुनःपुन्हा टाळी मागत आहे असे वाटते. ‘बाबा त्या दिवशी काहीच बोलले नाहीत’ हे वाक्य तेवढे एकटे ठेव, बाकीची तीन शेजारच्या परिच्छेदात मिसळून टाक. आजोबा छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे तेव्हा परिच्छेद संपला की ओळीची उरलेली जागा धातूच्या कोऱ्या तुकड्यांनी हाताने भरावी लागे, त्यामुळे ते उगाच परिच्छेद तोडत नसत. तुझ्या संगणकाला ते कष्ट नाहीत.

शेवटचा परिच्छेद मात्र पूर्ण काढ. आधी सांगितलेलेच तिथे पुन्हा आले आहे. त्याआधीचा परिच्छेद, ज्यात तू ती वही अजूनही कपाटात जपून ठेवल्याचे सांगतेस, तिथेच थांब.

मुदत १ नोव्हेंबरची आहे. मजकूर चौकटीत चिकटवल्यावर अर्ज पाठवण्याआधी पूर्वदृश्याची पीडीएफ उघडून कोऱ्या ओळी जागेवर आहेत का ते पाहा आणि तीच प्रत मला पाठव. आईने तुझ्यासाठी चिवडा करून ठेवला आहे. रविवारी वसतिगृहावर येताना घेऊन येतो.

तुझा,
बाबा