हात तिचेच, तरी तिचे वाटेनात

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

सावंतवाडीला येऊन हे पत्र तुमच्या हातात देणार होते. पण धाकटी म्हणाली, "ताई, सगळ्यांना वाचता येईल असं लिही. माझं नाव तेवढं घालू नको." म्हणून उघड लिहिते आहे. तिला काय झालं आहे आणि काय झालेलं नाही, हे तुम्ही आमच्या अख्ख्या घराला समजावून दिलंत. आधी त्याचे आभार मानते.

तुमच्याकडे येईपर्यंत घरात ज्याचं त्याचं मत होतं. आजी म्हणायची, "चेडवाक कायतरी लागलाहा, देवाक कौल लावया," म्हणजे पोरीला काहीतरी बाधलंय, देवाला कौल लावू या. मामांच्या मते नुसता थकवा होता, आणि एका दवाखान्यातून झोपेची गोळीही मिळाली होती. आतेभावाने मोबाईलवर व्हिडिओ बघून एका शरीरात अनेक माणसं राहतात तो आजार ठरवून टाकला होता. धाकटी काजूच्या कारखान्यात गर सोलायला जाते. ती बिचारी इतकंच सांगायची, "सुरी धरलेला हात माझा वाटत नाही. सगळं काचेपलीकडे चाललंय आणि मी लांबून मलाच बघतेय."

तुम्ही तिला विचारलंत, "गर सोलताना मन भलतीकडे जातं आणि हात आपोआप चालतात, तसं पूर्वीही व्हायचं ना? तेव्हा ते हात तुझेच असायचे का?" ती लगेच म्हणाली, "हो, तेव्हा माझेच होते." इतके महिने आमच्यापैकी कुणालाच हा प्रश्न सुचला नव्हता.

मग तुम्ही माझ्याकडे वळलात. मी रोज एसटीने वेंगुर्ल्याहून सावंतवाडीला येते. वाटेतलं तुळस गाव कधी गेलं, होडावडे कधी मागे पडलं, पुष्कळदा कळतही नाही. तुम्ही म्हणालात, हेही डिसोसिएशनच, म्हणजे स्वतःपासून किंवा भोवतालापासून भान सुटणं, पण रोजच्या जगण्यातलं. पुस्तकात बुडालेल्याला हाक ऐकू येत नाही, दशावतारातला राजा रात्रभर राजाच असतो आणि सकाळी शेतावर जातो, तेही त्याच जातीचं. कंडक्टरने हाक मारली की मी भानावर येते, माझं काम अडत नाही, मला त्याची भीती वाटत नाही. धाकटीचं तसं नव्हतं. तिला हाक मारली तरी काच हटत नव्हती. दिवसचे दिवस तेच चालायचं. बोट कापेल या भीतीने तिने कामावर जाणं सोडलं होतं, आणि आपल्याला वेड लागतंय या विचाराने रात्र रात्र जागत होती.

तुम्ही आम्हा दोघींनाही तो २८ प्रश्नांचा कागद भरायला लावलात, ते मला फार आवडलं. असं भान किती सुटतं ते मोजायला बर्नस्टाइन आणि पुटनम यांनी १९८६ मध्ये तयार केलेली ती प्रश्नावली. प्रवासातला मधला भाग न आठवण्याचा प्रश्न तिच्यात आहे आणि स्वतःचं शरीर आपलं न वाटण्याचाही. माझाही आकडा शून्य आला नाही. तुम्ही सांगितलंत, शंभरपैकी सरासरी ३० च्या वर गेली तर खोलात जाऊन तपासायचं, पण नुसत्या आकड्यावर कुणालाही आजाराचं नाव द्यायचं नाही. हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. हल्ली मोबाईलवरची चाचणी भरून पोरं स्वतःच स्वतःचं निदान करून मोकळी होतात.

नाव देण्याआधी तुम्ही किती गोष्टी विचारल्यात! फिट्स येतात का, अर्धशिशी आहे का, झोप किती, गांजा-दारू, कुठली औषधं. मेंदूचा आलेख काढून घेतलात. हे दुखणं बहुतेकांना कोवळ्या वयात सुरू होतं आणि चाळिशीनंतर पहिल्यांदाच झालं तर शरीरातलं कारण कसून शोधायचं, हेही सांगितलंत. मग आतेभावाने ठरवलेल्या आजाराचीही शहानिशा केलीत. त्या दुसऱ्या आजारात ओळखच वेगवेगळी होते आणि मधल्या वेळाच्या आठवणी गळतात. धाकटीला सगळं आठवत होतं. हात आपलाच आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, फक्त तसं वाटत नव्हतं. म्हणून हे वेडही नाही, हे तुम्ही तिच्याकडे बघून सांगितलंत तेव्हा ती ढसाढसा रडली. डीपर्सनलायझेशन-डीरिअलायझेशन डिसऑर्डर, म्हणजे आपण स्वतः किंवा भोवतालचं जग खरं न वाटण्याचा आजार, हे नाव तुम्ही नंतर सांगितलंत.

आजीशी तुम्ही जे बोललात त्याचे आभार वेगळे मानते. शिमग्यात पालखीपुढे कुणाच्या अंगात आलं, गावाने ते मानलं, वारं उतरल्यावर माणूस घरी जाऊन जेवला, तर डॉक्टरांच्या पुस्तकातही तो आजार नाही, असं तुम्ही तिला सांगितलंत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही तसंच आहे. नको असताना, रीतीरिवाजाबाहेर, पुन्हा पुन्हा होऊन माणसाचे हाल होत असतील तरच तो आजार. आजीचा देव तुम्ही खोटा ठरवला नाहीत, म्हणून तिने तुमचं ऐकलं. नाहीतर आम्ही आजही कौलच लावत बसलो असतो.

यावर हमखास लागू पडणारी गोळी नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. चिंतेसाठी औषध दिलंत आणि मुख्य भर बोलण्यावर ठेवलात. वडील गेल्यानंतरचं सगळं तिने एकदम सांगावं अशी घाई केली नाहीत. दर दोन मिनिटांनी "हात माझा वाटतोय का" हे तपासण्याची तिची सवय मोडलीत, कारण त्या तपासण्यानेच काच जाड होते. त्याऐवजी पाय जमिनीवर दाबायचे, गार पाण्यात हात घालायचा, समोर दिसतं त्याची नावं घ्यायची. ती आता पुन्हा कारखान्यात जाते. अजून अधूनमधून होतं, पण ती घाबरत नाही. कारखान्यातल्या बायकांना ती टेली-मानस या मनाच्या दुखण्यांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबरही सांगत असते.

तिची पुढची तपासणी गणपतीनंतर आहे. या खेपेला वाडीतल्या एका काकींना सोबत आणतो आहोत. मधले काही तास त्यांना आठवतच नाहीत. तुमच्याकडे शिकलो तसं वेळ, झोप आणि औषधं वहीत लिहून ठेवायला सांगितलं आहे. त्या मध्येच गप्प होतात तेव्हाचा व्हिडिओही त्यांच्या मुलाने काढून ठेवला आहे, तो घेऊन येतो.

आपली कृतज्ञ,
धाकटीची ताई
तालुका वेंगुर्ले