दशावतार टिपायचा तर कॅमेरा कोणता?

प्रिय नीलेश,

तुझं पत्र मिळालं. जत्रांच्या हंगामात दशावताराचे प्रयोग टिपायचे आणि त्यातली आख्यानं भागाभागाने व्हिडिओ ब्लॉगवर टाकायची, हे तू ठरवलंस याचा फार आनंद झाला. हे काम कुणीतरी नीट करायलाच हवं होतं.

फोन, मिररलेस (लेन्स बदलता येणारा फोटोचा कॅमेरा) की हँडीकॅम (फक्त व्हिडिओसाठीचा छोटा कॅमेरा), असं विचारतोस? हँडीकॅमच घे. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. फोन तासाभरात तापतो. फोटोसाठी बनलेले बरेच जुने कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंद झाली की आपोआप थांबतात. नव्यांत ही मर्यादा नसली, तरी सलग चित्रीकरणात त्यातले कित्येक तापून बंद पडतात. आणि दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. नट ते उभ्या उभ्या रचतो. हुकलेलं वाक्य पुन्हा कुठेच मिळत नाही, म्हणून न थांबणारं यंत्र हवं. हँडीकॅम अडॅप्टरवर रात्रभर चालतो, फक्त मंडपातली वीज गेली तर सांभाळायला मोठी बॅटरी त्यात बसवलेलीच ठेव.

आता कोणता हँडीकॅम. सोनीचा एचडीआर-सीएक्स४०५ स्वस्तात मिळतो, झूम ३० पट आहे, पण या कामासाठी तो घेऊ नकोस. त्याला बाहेरचा माइक जोडायची सोयच नाही, आणि सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा पट, १/५.८ इंचाचा, इतका लहान की रात्रीच्या उजेडात काळ्या पडद्यावर नुसती मुंग्यांसारखी वळवळ दिसते. त्यापेक्षा एफडीआर-एएक्स४३ किंवा एएक्स५३ बघ. सेन्सर १/२.५ इंचाचा, माइकची खाच आहे, झूम २० पट. पैसे जास्त असतील तर १ इंच सेन्सरचा एएक्स७०० रात्रीसाठी केव्हाही सरस, मात्र त्याचा झूम १२ पटच. वापरलेला घेणार असशील तर लेन्सवर झाकण लावून अंधारात मिनिटभर रेकॉर्ड कर आणि टीव्हीवर मोठं करून बघ. बिघडलेले पिक्सेल ठिपक्यांसारखे चमकतात. माइकची पिन खाचेत हळूच हलवून खरखर येते का तेही ऐक. आणि टॉर्च मारून लेन्समध्ये बुरशीचे धागे शोध. कोकणातल्या पावसाळ्यात ठेवलेल्या कॅमेऱ्यात ते हमखास सापडतात.

तुझा भाऊ अमेरिकेतून आणून देतो म्हणतोय, त्याला नको सांग. तिकडचे बहुतेक हँडीकॅम सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) घेण्याच्या पद्धतीचे असतात आणि त्यात ५० ची निवड मिळत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. दोन्हींचा मेळ बसला नाही की ट्यूबलाइटच्या आणि स्वस्त एलईडीच्या उजेडात चित्र लपलपतं किंवा आडवे पट्टे सरकत राहतात. इथला कॅमेरा घेऊन १०८०/५०पी वर, म्हणजे सेकंदाला ५० पूर्ण चित्रांवर ठेव आणि शटर (एका चित्राला उजेड मिळायचा वेळ) हाताने १/५० सेकंदावर बांध. ५०आय, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं, नको. तलवारी फिरायला लागल्या की त्यात कडांना कंगव्याचे दाते दिसतात. मंडप जनरेटरवर असेल तर तिथली वीज नेमकी ५० वर राहत नाही. पट्टे दिसलेच तर शटर १/५० च्या किंचित खाली-वर करून बघायचं. तशी सोय कॅमेऱ्यात नसेल तर तेवढे पट्टे सहन करावे लागतील.

एक्स्पोजर, म्हणजे चित्र किती उजळ घ्यायचं ते, ऑटोवर सोडलंस तर घात होईल. मागचा पडदा काळोखा आणि चेहऱ्यावर रंग, मुकुटावर चमचम. कॅमेरा काळोख उजळवायला जातो आणि राजाचा चेहरा पांढरा फटक होतो. संकासुर आला की त्याचा काळा वेश आणि काळा मुखवटा यामुळे कॅमेरा आणखीनच भरकटतो. म्हणून गणपती-सरस्वतीच्या वेळी, लोक अजून जागा धरत असतात तेव्हा, स्क्रीनवर चेहऱ्याला बोट लावून एक्स्पोजर ठरव आणि ते तिथेच अडकवून ठेव. मेनूत एजीसी लिमिट (अंधारात कॅमेऱ्याने चित्र किती उजळवायचं याची मर्यादा) असेल तर वापर. चित्र जरा अंधारलेलं चालेल, वळवळणारं चालत नाही. व्हाइट बॅलन्सही (पांढरं पांढरंच दिसावं याची सेटिंग) पांढरा कागद धरून पक्का कर, नाहीतर लाल दिवा लागला की चित्र निळसर-हिरवटाकडे ओढलं जातं.

जागेचं बघ. एएक्स४३ आणि एएक्स५३ च्या लेन्सचा एफ आकडा (जितका लहान तितका उजेड जास्त) झूम न करता २.० असतो, पूर्ण झूमवर ३.८. म्हणजे लांबून ओढलंस तर उजेड चौथ्या हिश्श्याच्या आसपास उरतो. ट्रायपॉड प्रेक्षकांच्या मागे नेण्यापेक्षा एका बाजूला, पण शक्य तितका पुढे लाव. लोकांची नजर अडणार नाही आणि झूम निम्म्यावरच राहील. ट्रायपॉडवर स्थिरीकरण (हाताची थरथर लपवणारी सोय) बंद ठेव, नाहीतर कॅमेरा वळवून थांबवलास की चित्र तरंगत पुढे जातं. रंगपटात कॅमेरा न्यायचा असेल तर नाटक कंपनीच्या मालकांना आधी विचार. तिथे हक्काने शिरायचं नाही.

पैसे खरे घालायचे ते आवाजात. कॅमेऱ्यातला माइक वापरलास तर झांज वाजली की आपोआप आवाज दबतो आणि पुढचं वाक्य बुडतं, मग शांततेत पंखे नि गर्दी वर येते. वेगळा छोटा रेकॉर्डर घे, लाइन-इन (मिक्सरसारख्या यंत्राचा आवाज थेट घेणारी खाच) असलेला. साउंडवाल्याच्या मिक्सरवरून त्यात जोडणी घे. ती वायर थेट कॅमेऱ्याच्या माइक खाचेत घालू नकोस. लाइनचा दाब माइकपेक्षा कितीतरी जास्त असतो, आवाज फाटतो आणि मागाहून काही केल्या दुरुस्त होत नाही. रेकॉर्डर बॅटरीवरच चालव. तो आणि मिक्सर दोघेही विजेवर असले की जमिनीच्या वायरीतून फेरा तयार होऊन घुमणारी ‘हम्म’ येते. पातळी नेहमीच्या संवादाला उणे १८ डीबीच्या आसपास आणि कमाल उणे १२ ला ठेव, कारण युद्धाच्या वेळी मृदंग आणि झांज एकदम चढतात. पेटी-मृदंगाजवळ दुसरा रेकॉर्डर ठेवता आला तर फारच छान, मिक्सरमध्ये वाद्यं बहुतेक वेळा अर्धवटच पोचतात. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजव, तिच्यावर चित्र आणि रेकॉर्डरचा आवाज दोन्ही जुळतील. तासा-दीड तासात मात्र ते काही फ्रेम सरकतात, कारण दोघांची घड्याळं वेगळी. प्रत्येक प्रवेशाला तुकडा पाडून पुन्हा जुळवून घे.

कार्डाचा हिशोब सोपा आहे. ५० एमबीपीएसला (सेकंदाला ५० मेगाबिट) तासाला २२.५ जीबी, म्हणजे पाच तासांना सव्वाशेच्या आत. १२८ जीबीचं कार्ड काठोकाठ भरतं, म्हणून २५६ चं घे, व्ही३० (लिहिण्याच्या वेगाची खूण) लिहिलेलं. फोरके (१०८० च्या चौपट बारकाव्याचं चित्र) नेहमीसाठी नको, तिथे २५ फ्रेमच मिळतात आणि युद्ध तुटक दिसतं. पण संवादाचे प्रवेश फोरकेत घेतलेस तर एडिटिंगमध्ये दुपटीपर्यंत जवळ जाता येतं, एका कॅमेऱ्याचे दोन केल्यासारखं. कार्ड उतरवताना सुट्या फाइली उचलू नकोस, अख्खं फोल्डर कॉपी कर. दोन ठिकाणी कॉपी होऊन उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही.

संगणकाला १६ जीबी रॅम, कामासाठी एसएसडी, साठवणीला दोन हार्ड डिस्क. इंटेलचा प्रोसेसर घेताना नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला टाळ. त्यात ग्राफिक्स नसतं, त्यामुळे व्हिडिओ उलगडायची क्विक सिंक सोयही नसते. एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरे. त्यात क्लिप आणण्याआधी प्रोजेक्टचा वेग ५० कर, टाइमलाइन झाल्यावर तो बदलत नाही. अडखळायला लागलं तर प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या नकला, बनव: कॅमेऱ्याच्या फाइलीत मोजक्याच फ्रेम पूर्ण असतात, बाकीच्या आजूबाजूच्यांशी असलेला फरकच सांगतात, म्हणून एका जागी उडी मारली तरी मागच्या कित्येक उलगडाव्या लागतात. शीर्षकं टाकण्याआधी ‘स्त्रियांच्या कर्तृत्वाची’ एवढं टाइप करून बघ. रफार, वेलांट्या किंवा जोडाक्षरं फुटली तर शीर्षक इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये पारदर्शक पीएनजी करून आण. मुक्त फाँटमध्ये मुक्ता सुटसुटीत आहे.

तयार व्हिडिओ बाहेर काढताना १०८०/५०पी साठी १२ एमबीपीएस, आवाजाची पातळी उणे १४ लफ्स (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप). १५ मिनिटांपेक्षा लांब भाग यूट्यूबवर चढवायला खातं फोन नंबरने पडताळलेलं लागतं, ते आजच करून टाक.

आणि कॅमेरा ठेवायच्या हवाबंद डब्यात ओलावा शोषणारं सिलिका जेल ठेवायला विसरू नकोस. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतात. कॅमेरा घेतलास की मॉडेल कळव, मेनूतली सगळी सेटिंग लिहून पाठवतो. काकींना नमस्कार सांग.

तुझा,
संजय