ठळक न छापलेला आकडा

लीड्स

तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार,

काल फोनवर तुझा आवाज कापत होता. धाकटीच्या रक्ततपासणीच्या अहवालाचा फोटो पाहिला, तेव्हा त्याचे कारण कळले. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि अल्कलाइन फॉस्फटेज नावाचे यकृतातले विकर, हे तिन्ही आकडे ठळक छापलेले आहेत, आणि ठळक म्हणजे धोक्याचे असे कोणालाही वाटणारच. परंतु शेजारी छापलेली मर्यादा गरोदर नसलेल्या बाईची आहे. आठव्या महिन्यात ती जशीच्या तशी लावता येत नाही.

हिमोग्लोबिन 11.2 पाहून शेजारच्या काकू "रक्ताचे पाणी झाले" म्हणाल्या, त्यात थोडे तथ्य आहे. गरोदरपणात रक्तातील द्रव भाग सुमारे 40 ते 50 टक्क्यांनी वाढतो, तांबड्या पेशी मात्र 20 ते 30 टक्क्यांनीच वाढतात. ऐनवेळी पाहुणे आले की आपण आमटीत डाळही घालतो, पण पाणी अधिक घालतो, तसेच हे आहे. पेशी घटलेल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटना शेवटच्या तिमाहीत 11 च्या खाली गेल्यावर रक्तक्षय मानते. तरीही अंतर थोडेच असल्यामुळे लोहाची गोळी चुकवू देऊ नकोस, आणि ती चहा-दुधाबरोबर न देता लिंबाच्या सरबताबरोबर दे.

पांढऱ्या पेशी 13,200 आहेत. गरोदरपणात त्या 15,000 पर्यंत गेलेल्या नेहमी दिसतात, आणि तिला ताप किंवा लघवीला जळजळ नाही असे तूच सांगितलेस. अल्कलाइन फॉस्फटेज तर यकृताप्रमाणे वारेतही तयार होते, त्यामुळे शेवटच्या महिन्यांत ते दुप्पट झालेले आढळते. यकृताचे एसजीओटी आणि एसजीपीटी गरोदरपणामुळे वाढत नाहीत, आणि तिचे ते दोन्ही ठीक आहेत, म्हणून काविळीची धास्ती घेऊ नकोस.

मला काळजी वाटते ती ज्या आकड्याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही त्याची. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, 0.9 आहे आणि छापील मर्यादा 1.1 असल्यामुळे ते साध्या अक्षरांत आहे. वस्तुतः या दिवसांत मूत्रपिंडे नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक रक्त गाळतात, म्हणून हा आकडा उतरून बहुधा 0.4 ते 0.8 च्या दरम्यान राहतो. तिचा तो उतरलेला नाही. यातून काही निघेलच असे नाही, पण विचारल्याशिवाय राहू नये. उद्याच सकाळी तिला घेऊन मिरजेच्या डॉक्टरांकडे जा, या ओळीवर बोट ठेवून विचार, आणि रक्तदाब व लघवीतील प्रथिने तपासून घे. तत्पूर्वी डोके फार दुखले, डोळ्यांपुढे ठिणग्या दिसल्या किंवा चेहऱ्यावर एकाएकी सूज आली, तर सकाळचीही वाट पाहू नकोस. बाबांना रात्रीच गाडी काढायला सांग.

दाखवून आलीस की लगेच फोन कर. या आठवड्यात मला प्रयोगशाळेत रात्रपाळी आहे, तेव्हा तुमची सकाळ असेल तेव्हा मी जागीच असेन.

तुझी लेक