मंत्रिमहोदय, सकाळचे दोन तास आम्हाला परत द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

काल परिपाठ संपतो न संपतो तोच ग्रुपवर आदेश आला : बारापर्यंत माहिती भरा, फोटो टाका, अन्यथा खुलासा द्या. पहिली-दुसरीची मुलं शब्दपट्ट्या मांडून गोल करून बसली होती. ती तशीच ताटकळली. शाळा द्विशिक्षकी, सोबतचे सर मतदारयादीच्या कामावर, म्हणजे चारही वर्ग माझ्याकडे. आणि मी रेंज शोधत आवारात.

2024 मध्ये आपल्याच विभागाने शैक्षणिक-अशैक्षणिक कामांची यादी काढली, तेव्हा केवढा धीर आला होता! काय बदललं? मतदारयादीचं काम शिक्षकांना सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशीच द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007 सालीच सांगितलं आहे. ते कोण पाळतं?

लहान मुलाला रोज तेच लागतं, साहेब. प्रार्थना, हजेरी, पाढे, मग गोष्ट. आई-बाप ऊसतोडीच्या फडात आणि लेकरू आजीपाशी, अशी पहिलीतली एक मुलगी रोज रडायची. तिला हजेरीच्या वेळी शेजारी बसवून नावं पुकारायला लावली. त्या एका ठरलेल्या कामाने ती रुळली. काल तिची हजेरी तुमच्या माहितीने खाल्ली.

आणि जिथे वाकायला हवं, तिथे आम्हाला वाकू देत नाहीत. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली मुलं उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. चौथीतला मुलगा हातच्याची वजाबाकी विसरून येतो, त्याला मी त्या आठवड्याचा भागाकार कसा शिकवू? मी त्याला उचलीचा हिशेब मांडायला दिला : बापाने तोडणीआधी आगाऊ घेतलेले पैसे म्हणजे उचल, त्यातून तोडलेल्या उसाचे पैसे वजा. त्याने न चुकता केला. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला, ‘वेळापत्रकानुसार अध्यापन नाही.’ रात्रभर झोपले नाही मी.

कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे 800 तास अध्यापन ठरवलं आहे. त्यातला चौथा हिस्सा तरी माहिती भरण्यात जातो, हा माझा अंदाज. खोटा असेल तर मोजून दाखवा. 2025 मध्ये परीक्षा 25 एप्रिलपर्यंत नेल्या, राज्यभर एकच वेळापत्रक. विदर्भ-मराठवाड्यातलं ऊन आणि कोकणातलं ऊन तुम्हाला सारखंच! मुळात वरपासून खालपर्यंत कुणाचाच शिक्षकावर विश्वास नाही. फोटो असेल तर शिकवलं, नसेल तर नाही. मूल वाचायला लागलं का, हे बघायला कुणी येत नाही.

सकाळचे पहिले दोन तास एकही आदेश, एकही लिंक शाळेत येणार नाही, असं लेखी काढा. आणि परतलेल्या मुलांना कुठून सुरुवात करायची, हे वर्गशिक्षकाने ठरवावं, त्यावर शेरा मारू नये, हेही त्यातच लिहा. ऊसतोडीची मुलं परतायच्या आत काढा.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, बीड जिल्हा