मनू, घशाचं लिहिणार नव्हतो

मनू,

परवा मी तुझ्या घशाचंच विचारत राहिलो आणि फोन ठेवताना तू चिडलीस, त्यावर काही बोलायचं नाही असं ठरवलंय. आई पण म्हणाली आता लगेच काही लिहू नका, तिला कामं असतात. पण फोनवर मला धड बोलता येत नाही, तू एकदा "बाबा प्लीज" म्हणालीस की पुढचं सगळं विसरतो, म्हणून लिहायला बसलोय. घशाबद्दल अगदी शेवटी एक ओळ लिहीन, बाकी दुसरंच आहे.

तू पाठवलेला रुमॅटिक तापाचा पेपर वाचला. आकृत्या कळल्या नाहीत, पण मुद्दा कळला असं वाटतं. घसा धरणाऱ्या त्या स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या अंगावर ते एम प्रोटीन असतं, आपलं शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, आणि ते प्रोटीन हृदयातल्या प्रोटीनसारखं दिसतं म्हणून जंतू मेल्यावरही त्या अँटिबॉडी आणि त्या टी-सेल्स, म्हणजे शरीराच्या लढाऊ पेशी, हृदयाच्या व्हॉल्वला, झडपेला, जाऊन भिडतात. सूज येते, उतरते, व्रण राहतो. परत घसा आला की परत सूज, परत व्रण, असं करत करत व्हॉल्व जाड होतो आणि चिकटतो. बरोबर ना? म्हणजे नुकसान करतं ते आपलंच शरीर, जंतू तर कधीच गेलेला असतो. हे वाचल्यावर मला रात्री झोप आली नाही, कारण माझ्या ताईचं, तुझ्या आत्याचं सगळं आजारपण त्या एका पानात होतं आणि आमच्या घरात कुणाला ते कधी इतकं नीट कोणी सांगितलंच नव्हतं.

तुला आत्याचं ऑपरेशन माहितीये, त्याच्या आधीचं फारसं माहीत नाही. 1973 सालची गोष्ट, दुष्काळाच्या नंतरचा पावसाळा. आम्ही कोरेगावला आजीकडे, दादा, म्हणजे तुझे आजोबा, पिंपरीला एचएमध्ये, हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये. ताईचा घसा आला, ताप आला, मिठाच्या गुळण्या आणि हळदीचं दूध, चार दिवसात बरी होऊन शाळेत गेली. घसा तर सगळ्यांचाच येतो. नंतर दोन-तीन आठवड्यांनी तिचा गुडघा सुजला, इतका की चादर लागली तरी ओरडायची, आणि मग तो गुडघा आपोआप बरा झाला आणि घोटा धरला, मग मनगट. काकूने लेप लावला, कोण म्हणालं वाढीचं दुखणं आहे, कोण म्हणालं बाहेरचं आहे. छातीला नळी कुणीच लावली नाही. मी तिच्या शेजारी झोपायचो, पायाला धक्का लागू नये म्हणून भिंतीला चिकटून. पुढे ती उड्या मारायला लागली आणि सगळे विसरले. मग लग्न झालं, तिच्या मुलाच्या, तुझ्या दादाच्या वेळी सातव्या महिन्यात तिला जिना चढवेना, रात्री उशाला तीन उश्या घेऊन बसून झोपायची, तेव्हा कळलं की व्हॉल्व आकसलाय. मुंबईला केईएम हॉस्पिटलात डाव्या बाजूने छाती उघडून तो मोकळा केला. तुझा दादा झाला, ताई वाचली, आम्हाला वाटलं संपलं. ते संपत नाही हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये.

आणि आपले दादा तिकडे फर्मेंटेशनला होते. पिंपरीत 1955 पासून पेनिसिलिन बनत होतं, औषधांचा देशातला पहिला सरकारी कारखाना, डब्ल्यूएचओ आणि युनिसेफची मदत होती त्याला. त्यांना त्याचा फार अभिमान होता. शिफ्टवरून आले की कपड्यांना तो आंबूस वास असायचा. मुंबईच्या डॉक्टरांनी जेव्हा समजावून सांगितलं की घसा आल्यावर वेळेत पेनिसिलिन मिळालं असतं तर ताप हृदयापर्यंत गेलाच नसता, तेव्हा दादांनी एवढंच विचारलं, वेळेत म्हणजे किती दिवसात. डॉक्टर म्हणाले नऊ. दादा नंतर खूप वर्षं जगले पण हा विषय त्यांच्यासमोर काढायचा नाही हे घरात सगळ्यांना न सांगता माहीत होतं. तू या रोगावर काम करतेस हे बघायला ते हवे होते. मी हे तुझ्या आईलासुद्धा कधी बोललो नाही.

म्हणून नऊ दिवस. तुला वाटतं बाबा मागेच लागतात, पण मी नऊच्या आत विचारत होतो.

तू म्हणालीस खोकला आहे, नाक गळतंय, म्हणजे व्हायरल, स्ट्रेपमध्ये बहुतेक खोकला नसतो, ताप असतो आणि मानेतल्या गाठी दुखतात. मान्य. तिशीत पहिला अटॅक क्वचितच येतो हेही सांगितलंस, पाच ते पंधरा हे मुख्य वय. तेही मान्य. पण हा आजार घराण्यात असला तर धोका जास्त असतो हे पण तूच मला कधीतरी सांगितलंयस, आणि तू रोज त्याच जंतूंच्या प्लेट्स हाताळतेस. एक स्वॅब घ्यायला काय जातं? इतर कुणाचा घसा असता तर तूच म्हणाली असतीस घे म्हणून.

बघ, सुरू झालंच. राहू दे.

खरं विचारायचं होतं ते त्या घशात मुद्दाम जंतू लावण्याच्या अभ्यासाबद्दल. मेलबर्नला आधी एकदा झालंय तसं, तरुण निरोगी लोक घेतले, जंतूंचा एम75 हा प्रकार मुद्दाम निवडलेला, रुमॅटिक तापाशी संबंध नसलेला, घशाला लावला, दवाखान्यात ठेवून लक्ष ठेवलं आणि नंतर अँटिबायोटिक देऊन बरं केलं. तू त्या तसल्या कामात जाणार म्हणालीस आणि मी गप्प बसलो. ते तुला लागलं असणार. मला कळतं की असं केल्याशिवाय लस चालते का ते लवकर समजणार नाही. मी मग ते जुनं पण शोधून वाचलं, साठच्या दशकात बॉस्टनला एम प्रोटीनची लस मुलांना दिली आणि त्यातल्या दोन-तीन मुलांना पुढे रुमॅटिक तापच आला, आणि अमेरिकेत 1979 साली असल्या लसींवर जी बंदी आली ती उठायला पंचवीसेक वर्षं गेली. त्यात मला काय दिसलं माहितीये, ती मुलं म्हणजे रुमॅटिकच्या पेशंटची सख्खी भावंडं होती. भाऊ आणि बहिणी. मी पण भाऊच आहे. आणि तू माझी मुलगी आहेस.

तू व्हॉलंटियर नाहीस, टीममध्ये आहेस, हे मला समजलंय. तरी लिहितो, स्वतःच्या घशावर काही करून घेऊ नकोस, कोणी विचारलं तर आत्याचं नाव सांग आणि नाही म्हण. मास्क लाव, हातमोजे बदल, बाकावर डबा ठेवू नकोस, रात्री दोन-दोनपर्यंत बसू नकोस, झोप नसली की प्रतिकारशक्तीच... सॉरी. प्रतिकारशक्तीवर मी तुला शिकवतोय.

तुला आठवतं का, तू दुसरी-तिसरीत असताना आत्याबरोबर इंजेक्शनला जायचीस? दर एकवीस दिवसांनी, परत घसा येऊन परत सूज येऊ नये म्हणून. गावातले निम्मे डॉक्टर पेनिसिलिन द्यायला तयार नसायचे, रिॲक्शन आली तर काय म्हणून, शेवटी तो एक म्हातारा कंपाउंडर होता तो द्यायचा. आधी कातडीखाली टेस्ट, मग पंधरा-वीस मिनिटं बाकड्यावर बसायचं. मग तो बाटलीत पाणी सोडून दोन्ही तळव्यांमध्ये ती घुसळत बसायचा, बारा लाख युनिटची, पांढरं दाट औषध, थोडा उशीर झाला की सुईतच अडकायचं आणि परत टोचावं लागायचं. ताई पदर तोंडात धरायची. तू तिचा हात धरून उभी आणि त्या कंपाउंडरला विचारलंस, हे एकदाच का नाही देत? त्याने उत्तर दिलं नाही. घरी येईपर्यंत तू मला तेच विचारत होतीस आणि मलाही देता आलं नाही.

आता तू त्याच प्रश्नावर काम करतेस. मी सगळ्यांना सांगतो, बँकेत, कट्ट्यावर, लग्नात. लोकांना वाटतं हा आजार गेला. मी सांगतो जगात चार कोटींच्या वर लोकांना आहे, ऑस्ट्रेलियासारख्या श्रीमंत देशात तिथल्या मूळ आदिवासी मुलांना आहे, एका खोलीत दहा माणसं झोपतात तिथे तो राहतो. आणि त्या जंतूवर पेनिसिलिन अजूनही लागू पडतं, इतक्या वर्षांनी, हे सांगताना मला दादांची आठवण येते. औषध आहे आणि तरी पोरं जातात, म्हणून लस पाहिजे. एवढं मला कळतं. तू ते काम सोडावंस असं मला एक क्षणही वाटत नाही, वाटत असेल असं तुला वाटलं असेल तर ते मनातून काढ.

स्वॅब घे. निगेटिव्ह आला तर मी परत विचारणार नाही. नुसतं "ठीक आहे" लिहू नकोस, रिपोर्टचा फोटो पाठव. आणि गिळताना दुखतंय का, ते सांगितलंच नाहीस.

ताई रविवारी फोन करणार आहे तुला, तिकडची दुपार धरून. तिचा आयएनआर, रक्त किती पातळ झालंय ते बघायची ती टेस्ट, या वेळी जरा वर गेला होता, डॉक्टरांनी ॲसिट्रॉमची, रक्त पातळ करायची अर्धी गोळी कमी केलीये, बाकी बरी आहे, पालक-मेथी खाऊ की नको यावरून तुझ्या दादाशी भांडते. तिच्याशी कामाबद्दल भरपूर बोल, तिला आवडतं, पुढे मला फोन करून सगळं परत सांगते. फक्त घशाचं तिला सांगू नकोस आणि फोनच्या आधी कोमट पाणी पिऊन घे, आवाज बसलेला असला तर तिला लगेच ओळखू येतं.

बाबा