रोपं उंच झाली म्हणून हुरळू नकोस

प्रिय मित्रा,

खिडकीतल्या ट्रेमध्ये बी पेरून उगवलेल्या तुझ्या टोमॅटो-मिरची-वांग्याच्या रोपांचा फोटो पाहिला. खाली मोठ्या कौतुकाने लिहिलंयस, ‘आठ दिवसांत बघ कशी तरारली!’ रागावू नकोस, पण ती तरारलेली नाहीत, उपाशी आहेत. दोऱ्यासारखे पांढुरके देठ, टोकाला दोन चिमुकली पानं आणि सगळ्यांच्या माना खिडकीकडे. उजेड कमी पडला की रोप आपली सगळी पुंजी उंचीत घालतं, वर कुठेतरी ऊन सापडेल या आशेवर. मग देठाला जाडी कुठून येणार?

फोनच करणार होतो, पण तू मध्येच वाद घालतोस, म्हणून पत्र.

तू म्हणशील, खिडकीत भरपूर उजेड आहे. मीही हेच म्हणायचो. आपले डोळे कमी उजेडाला इतके चटकन सरावतात की काही कमी आहे हे कळतच नाही. उजेड मोजतात लक्समध्ये. भर दुपारी उघड्यावर लाखभर लक्स उजेड असतो, आणि दिवा लावलेल्या खोलीत ३००-५०० लक्सवर आपण आरामात पेपर वाचतो. रोपाला पेपर वाचायचा नसतो, त्या उजेडावर पोट भरायचं असतं.

माझी पहिल्या वर्षीची फजिती तुला सांगितली नव्हती. हौसेने ग्रो लाइट, म्हणजे रोपं वाढवायचा दिवा, आणला आणि थेट छताला टांगला. खोली लख्ख उजळली, मी खूश. पंधरा दिवसांत टोमॅटोची सगळी रोपं ट्रेच्या कडेवरून खाली लोंबत होती. दिवा चांगलाच होता, फक्त फार लांब होता. तेव्हा खिडकीवर भिस्त न ठेवता तूही दिवा लाव, आणि तो खाली, रोपांजवळ. साधी ट्यूब असेल तर शेंड्यांपासून ५ ते १० सेंटिमीटरवर. एलईडी पॅनेल असेल तर ३० सेंटिमीटरपासून सुरुवात कर आणि रोपं काय सांगतात ते बघ. वरची पानं फिकट पडली किंवा कडा वळायला लागल्या तर दिवा थोडा वर. साखळीला अडकवलास तर रोपं वाढतील तसा एकेक कडी वर घेता येतो. जांभळाच दिवा हवा असं काही नाही. खोक्यावर ६५०० केल्विन (उजेडाच्या रंगछटेचं माप) लिहिलेला थंड पांढरा दिवा उत्तम, त्यातल्या निळ्या भागाने देठ आखूड राहतो. रोज १४ ते १६ तास पुरे, त्यासाठी टायमर लाव. जास्त उजेड म्हणजे जास्त वाढ असं समजून रात्रभर चालू ठेवू नकोस. टोमॅटोला काळोख मिळालाच नाही तर पानं पिवळी पडतात.

बी उगवेपर्यंत मात्र टोमॅटो, मिरची, वांगी यांना उजेड लागत नाही, ऊब लागते. २५ अंशांच्या आसपास टोमॅटो आठवड्यात वर येतो. मिरची अंत बघते, कधी कधी तीन आठवडे. मला एकदा धीर धरवला नाही. सतराव्या दिवशी नखाने माती उकरली. बी फुटलेलं होतं, पांढरा कोंब आकड्यासारखा वाकून वर यायच्या बेतात होता, आणि तो माझ्याच नखाने तुटला. तेव्हापासून मी ट्रेकडे फक्त बघतो. पहिला वाकडा कोंब मातीबाहेर दिसला, की त्याच दिवशी दिवा सुरू.

आणि ट्रेवरचं ते झाकण काढ बाबा आता! फोटोत आतून पाणी साचलेलं दिसतंय. कोंदट ओलीत बुरशी धरते, देठ मातीलगत चिमटा काढल्यासारखा बारीक होतो आणि संध्याकाळी ताठ असलेलं रोप सकाळी आडवं. असं कोलमडलेलं रोप पुन्हा उठत नाही. पाणी खालच्या ताटलीत ओत, अर्ध्या तासाने उरलेलं काढून टाक. पुन्हा कधी द्यायचं ते ट्रे उचलून बघ, हलका लागला तर दे. छोटा पंखा मंद सोड. वाऱ्याने हललेलं रोप जाड होतं. मी तर जाता-येता शेंड्यांवरून तळहात फिरवतो, त्यानेही तेच होतं. घरचे हसतात, हसू देत.

आता तुझ्या लंबूटांग्यांचं काय? टोमॅटो वाचतील. मोठ्या कुंडीत लावताना पानांपर्यंत देठ मातीत गाड, गाडलेल्या देठाला मुळं फुटतात. मिरची-वांगी मी पुन्हा पेरली असती. काकडी आणि भोपळा दिव्याखाली वाढवायच्या फंदात पडूच नकोस. त्यांना मुळं हलवलेली खपत नाहीत, जागेवरच पेर.

बाहेर नेताना घाई करू नकोस. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडं जास्त, असे ८-१० दिवस. माझा एक अख्खा ट्रे एका दुपारच्या उन्हात कागदासारखा पांढरा पडला होता.

पुढचा फोटो बुटक्या रोपांचा पाठव.

तुझा,
मित्र

ता. क. ट्रेवर नावं पेन्सिलीने लिही, पेनाची शाई उडते. मागच्या वर्षी माझी तिखट मिरची कुठली आणि ढोबळी कुठली, हे फळ धरेपर्यंत कळलं नव्हतं.